दीवची खुकरी समुद्रातून वर काढलेली नाही

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच एक फोटो पुढे ढकलला होता: '१९७१ च्या युद्धात मुंबईजवळ बुडालेली आयएनएस खुकरी वर काढून दीवला ठेवली आहे.' ते चुकीचं आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी, माझगाव डॉकमधून रिटायर झालेत ते, फोटो मोठा करून दाखवला. जहाजाच्या अंगावर ठळक 'पी ४९' लिहिलंय. ही दुसरी खुकरी. माझगाव डॉकमध्येच बांधलेली, १९८९ साली नौदलात आली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवला संग्रहालय म्हणून उभी आहे. पन्नास वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेलं जहाज इतकं शाबूत कसं असेल, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं!

पहिली खुकरी ब्रिटिश बांधणीची फ्रिगेट, म्हणजे एक प्रकारची युद्धनौका. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बुडवली, तीही दीवच्या समुद्रात, मुंबईजवळ नव्हे. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ती खुकरी अजूनही समुद्राच्या तळाशी आहे.

काही जण यात 'गाझी' या दुसऱ्या पाकिस्तानी पाणबुडीचं नाव घालतायत. गाझी त्याआधीच, ३-४ डिसेंबरच्या रात्री, विशाखापट्टणमजवळ बुडाली होती.

माझा मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया डिलीट करा, आणि तिथे हा टाका.