७० मिलिव्होल्ट, चॅनेलचं दार आणि योगायोग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेशीपटलातल्या आयन चॅनेल्सवरच्या, म्हणजे आयनांना (विद्युतभार असलेल्या अणूंना) आतबाहेर जाऊ देणाऱ्या, उघडझाप करणाऱ्या प्रथिनांच्या दारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि सडेतोड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, विश्रांतीतल्या पेशीच्या आत आणि बाहेर असलेला ७० मिलिव्होल्टचा फरक हा अगदीच किरकोळ विद्युतदाब आहे, त्याने प्रथिनाचा एवढा मोठा रेणू हलतो हे पटत नाही. दोन, एखादं चॅनेल नेमकं कधी उघडेल हे योगायोगावर असतं असं मी म्हटलं. तसं असेल तर हृदय ऐंशी ऐंशी वर्षं तालात कसं चालतं? आणि तीन, 'योगायोग' म्हणणं म्हणजे आपल्याला कारण माहीत नाही, एवढंच.

यातला दुसरा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो, पण पहिल्याचं उत्तर आधी दिल्याशिवाय तिथे पोचता येणार नाही.

७० मिलिव्होल्ट हा आकडा लहान दिसतो, कारण तो किती अंतरात पडतो हे आपण विसरतो. पेशीपटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. एवढ्याशा अंतरात ७० मिलिव्होल्टचा फरक म्हणजे दर सेंटीमीटरला सुमारे १,४०,००० व्होल्ट. कोरड्या हवेत दर सेंटीमीटरला ३०,००० व्होल्टच्या आसपास ठिणगी पडते. म्हणजे पटलात बसलेलं प्रथिन, हवा ज्यापुढे टिकत नाही त्याच्या चौपटीहून तीव्र विद्युतक्षेत्रात आयुष्य काढत असतं.

आता या क्षेत्राला धरायला प्रथिनात काहीतरी हवं. विद्युतदाबाने उघडणाऱ्या सोडियम आणि पोटॅशियम चॅनेल्समध्ये ते आहे. चॅनेलच्या चार भागांत प्रत्येकी एक मळसूत्री पट्टा असतो, त्याला एस-४ म्हणतात. त्यात दर तिसऱ्या जागी बहुधा आर्जिनिन हे धन विद्युतभाराचं अमिनो आम्ल असतं. पेशी विश्रांतीत असताना आतली बाजू ऋण असते, म्हणून हे पट्टे आत खेचलेले राहतात. आतला ऋणपणा कमी झाला की ते बाहेरच्या दिशेने सरकतात, आणि ती ओढ चॅनेलच्या आतल्या तोंडाशी असलेल्या दाराला पोचते. हा नुसता तर्क नाही. १९७३ मध्ये आर्मस्ट्राँग आणि बेझानिया यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूत आयनांचा प्रवाह बंद पाडला आणि तरीही उरलेला एक अगदी क्षीण, क्षणिक प्रवाह मोजला. तो आयनांचा नव्हता, चॅनेलमधल्या या विद्युतभारांच्या सरकण्याचा होता. दार उघडण्याआधीची हालचाल अशी थेट उपकरणावर दिसली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पुढे 'शेकर' नावाच्या पोटॅशियम चॅनेलवर मोजमापं झाली तेव्हा एका चॅनेलमागे एकूण १२ ते १३ मूलभूत (एका इलेक्ट्रॉनच्या भाराएवढे) विद्युतभार क्षेत्र ओलांडतात असं दिसलं. शरीराच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीची ऊर्जा, एका विद्युतभारामागे मोजली तर, सुमारे २७ मिलिव्होल्टएवढी भरते. ७० मिलिव्होल्ट त्याच्या तिपटीपेक्षाही कमी, म्हणजे एकट्या विद्युतभाराला ते फारसं बांधून ठेवू शकणार नाहीत. पण बारा विद्युतभार एकत्र बांधले की तीच पकड त्या धडपडीच्या ऊर्जेच्या तिसाहून अधिक पट होते. म्हणूनच मज्जातंतूतल्या विद्युतसंदेशाचं गणित मांडणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांना १९५२ मध्येच दिसलं होतं की सुरुवातीच्या टप्प्यात पटलाचा दाब अवघा ४ मिलिव्होल्ट बदलला तर सोडियमची वाहकता (सोडियम आयन किती सहज वाहतात त्याचं माप) जवळपास पावणेतीन पट होते. किरकोळ दाब, पण परिणाम मुळीच किरकोळ नाही.

इथेच योगायोगाचा मुद्दा येतो. विद्युतदाब दाराला 'उघड' असा हुकूम सोडत नाही. तो उघडं आणि बंद या दोन स्थितींमधला ऊर्जेचा फरक बदलतो. प्रत्यक्ष हलवतात ते पाण्याच्या, मेदाच्या आणि खुद्द प्रथिनाच्या अणूंचे अखंड धक्के, म्हणजे उष्णता. तापमान उतरवलं की उघडझाप मंदावते. हॉजकिन-हक्सलींनी आपली समीकरणं ६.३ अंश सेल्सियसला मांडली आणि तापमान १० अंशांनी वाढलं तर वेग तिप्पट धरला, ते याचसाठी. तेव्हा कारण माहीत नाही असं नाही. कारण माहीत आहे, आणि त्या कारणाचा स्वभावच असा आहे की एका विशिष्ट क्षणाबद्दल ते काही सांगू देत नाही, फक्त शक्यता ठरवतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पॅच क्लॅम्प या मोजणीच्या तंत्राची नोंद पाहा. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं टोक टेकवून एकेका चॅनेलचा प्रवाह पहिल्यांदा नोंदवला. अशा नोंदीत एक सपाट रेघ चालत असते. मध्येच ती झटक्यात एक पायरी खाली जाते, थोडा वेळ तिथे राहते आणि तितक्याच झटक्यात परत येते. परिस्थिती बदलली नाही तर एका जातीच्या चॅनेलची पायरी दर वेळी तेवढ्याच उंचीची असते. रुंदी मात्र दर वेळी वेगळी. ती पायरी २ पिकोअँपियरची (पिको म्हणजे एक लाख कोटीवा भाग) असेल तर सेकंदाला एक कोटीहून जास्त आयन या वेगाने त्या एका भोकातून वाहत असतात, आणि दार अर्धवट उघडं असण्याचा प्रकार बहुधा दिसत नाही.

त्या रुंदींचा हिशेब मांडला की तुमच्या तिसऱ्या आक्षेपाला माझ्या मते सगळ्यात ठोस उत्तर मिळतं. एखादं चॅनेल ज्या उघड्या स्थितीत असतं, तिथून ते पुढच्या मिलिसेकंदात बाहेर पडण्याची शक्यता, ते आत्ताच उघडलेलं असो की केव्हाचं उघडं असो, तेवढीच असते. आत काही घड्याळ चालू असतं, किंवा उघडं राहून राहून दार 'थकत' असतं, तर हे प्रमाण बदलत गेलं असतं. आणि एक चॅनेल दिसण्याच्याही आधी, १९७० मध्ये, कॅट्झ आणि मिलेडी यांनी स्नायूच्या पटलावर ॲसिटिलकोलिन (मज्जातंतूकडून स्नायूला संदेश देणारं, तिथली चॅनेल्स उघडणारं रसायन) सोडून विद्युतदाबाची बारीक थरथर मोजली होती. त्या थरथरीवरूनच त्यांनी एका चॅनेलचा परिणाम केवढा आणि ते किती वेळ उघडं राहतं याचा अंदाज बांधला. योगायोग नसता तर ती थरथर नसती.

मग हृदयाचं काय? समजा १०० चॅनेल्स आहेत आणि प्रत्येक उघडं असण्याची शक्यता निम्मी. सरासरी ५० उघडी असतील, त्यात चढउतार साधारण ५ चा, म्हणजे १० टक्के. चॅनेल्स १०,००० असतील तर सरासरी ५,००० आणि चढउतार फक्त ५० चा, म्हणजे १ टक्का. एकेक चॅनेल लहरीच राहतं, समुदाय मात्र भरवशाचा होतो. सोडियम चॅनेल्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मदतीला येते. काही उघडली की पटलाचा दाब आणखी बदलतो, त्याने आणखी उघडतात, आणि एक उंबरठा ओलांडल्यावर सुरुवात कुठल्या चॅनेलने केली याला काही महत्त्व उरत नाही. शिवाय उघडल्यावर मिलिसेकंदाभरात ती निष्क्रिय होतात, त्यामुळे स्पंद, म्हणजे विद्युतदाबाची ही क्षणिक उसळी, संपतोही. हृदयात तर पेशीही एकमेकींना विद्युतदृष्ट्या जोडलेल्या असतात. कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशींच्या गुठळ्यांवर हे मोजलं गेलं आहे : गुठळीत पेशी जितक्या जास्त, तितका दोन ठोक्यांमधल्या अंतरातला अनियमितपणा कमी.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट, कारण ती तुमच्या आक्षेपातच दडलेली आहे. हा भरवसा संख्येवर उभा असेल, तर संख्या कमी पडली की तो ढासळायला हवा. तसंच होतं. मज्जातंतू ०.१ मायक्रोमीटरहून बारीक झाला तर एक-दोन सोडियम चॅनेल्स आपसूक उघडणंही स्पंद पेटवायला पुरेसं ठरतं, आणि कुणी काही पाठवलेलं नसताना संदेश धावू लागतात, असं गणितावरून दिसतं. जागा वाचवण्यासाठी तंतू हवे तितके बारीक करणं परवडत नाही, त्याची ही एक मर्यादा मानली जाते. निसर्गात सापडणारे सर्वांत बारीक मज्जातंतू याच जाडीच्या आसपास थांबतात.