कुठून यायलाय आवाज?

आमचं गाव वसमत तालुक्यातलं. हिंगोली जिल्ह्यातल्या लोकांना पुढचं वेगळं सांगायला नको. वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ रिश्टरचे धक्के बसले तेव्हा बातम्या झाल्या. एरवी नुसता आवाज येतो आणि गाव रात्रभर अंगणात बसून राहतं.

भयपटांतल्या आवाजाबद्दल बोलण्याआधी अशाच एका रात्रीचं सांगतो. जेवणं झाली होती. मोठी माय बाजेवर बसून सुपारी कातरत होती. आधी तिचा अडकित्ता थांबला. मग मला जाणवलं. ऐकू आलं असंही म्हणता येत नाही, बाजेच्या पायातून ते अंगात आलं. मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणले आणि गप्प झाले. मोठी माय म्हणाली, "कुठून यायलाय रे आवाज?"

या बाईचं सगळं आयुष्य अंधारात कान लावून गेलेलं. टिटवी ओरडली तर ती कुणाच्या बांधावर आहे ते सांगणार. दिवसभर तापलेला पत्रा रात्री गार पडताना टक् टक् वाजतो, आम्ही पोरं दचकायचो, तर म्हणायची, "पत्रा आवळायलाय, झोपा." प्रत्येक आवाजाला तिच्याकडे एक जागा होती. त्या रात्री पहिल्यांदा तिला जागा सापडली नाही. आवाज काय आहे असं तिनं विचारलंच नाही. कुठून, एवढंच विचारलं.

भयपटांबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं तिच्या या एका प्रश्नात आहे.

आपले दोन कान आवाजाची दिशा ओळखतात ती फरकावरून. एका कानाला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा, किंचित कमी. पत्र्याची टकटक म्हणून लगेच सापडते. खर्ज आवाजाचं तसं होत नाही. ५० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. एवढ्या लाटेपुढे आपलं डोकं ते केवढं! दोन्ही कानांना जवळजवळ सारखंच ऐकू येतं आणि आवाज सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. थिएटरात भीतीच्या प्रसंगाआधी जी खोल घरघर सुरू होते, ती हेच करते. पडद्यावर रिकामी खोली असते आणि आपण खुर्चीत आखडून बसतो.

'जॉज' (१९७५) मध्ये यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून तो दाखवणं टाळावं लागलं. त्याच्या जागी संगीतकार जॉन विल्यम्स यांनी शेजारशेजारचे दोन सूर वाजवले, आधी सावकाश, मग भराभर. त्यात एक प्रसंग आहे. दोन पोरं शार्कच्या पाठीवरचा खोटा पर पाण्यावर काढून लोकांना पळवतात, आणि तिथे ते दोन सूर वाजतच नाहीत. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. संगीत खोटं बोलत नाही असा विश्वास प्रेक्षकाला एकदा बसला की पुढे नुसते दोन सूर पुरतात.

आपल्याकडे तर हे त्याच्याही आधी झालंय. 'महल' (१९४९). खेमचंद प्रकाश यांचं 'आएगा आनेवाला'. रेकॉर्डिंगला लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू जवळ आल्या, हे त्यांनीच सांगितलंय. सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! आवाज आहे, तो पावलं टाकत येतोय, पण माणूस कोण ते माहीत नाही. आजही हेडफोन लावून ऐका, पहिल्या ओळींना कान आपोआप दाराकडे जातो.

किंचाळीचं गणित थोडं निराळं आहे. 'सायको' (१९६०) मधल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला दिग्दर्शक हिचकॉकला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही लिहिलं, फक्त तंतुवाद्यांवर. गज तारेवर ओरबाडत नेल्यासारखा तो आवाज ऐकताना मला दाव्यात पाय अडकलेलं वासरू आठवतं. फार जोर लागला की जनावराचा आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज कुठल्याही आईला झोपेतून उठवतो. कॅलिफोर्नियातले प्राणीशास्त्रज्ञ डॅनियल ब्लूमस्टीन खारीच्या कुळातल्या मार्मोट या प्राण्याच्या पिलांचं ओरडणं अभ्यासता अभ्यासता याच वाटेनं सिनेमापर्यंत आले. २०१० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शंभरावर चित्रपटांचे आवाज तपासले, आणि भयपटांत असले फाटलेले आवाज जास्त निघाले.

आता मालिकांचं. रोज रात्री आमच्या घरात एक ना एक भुताची मालिका चालू असते. सासूने सुनेकडे पाहिलं की धडाम. तेच पाहणं तीन बाजूंनी दाखवायचं, तीनदा धडाम. दार उघडलं, धडाम, आणि दारात दूधवाला. माझी आठ वर्षांची पुतणी परवा रिमोटने आवाज बंद करून बसली होती. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, "नाही काका, कान दुखायलेत." मला फार वाईट वाटलं. हेच पोर रात्री आजीजवळ झोपताना पत्रा वाजला तर श्वास रोखून ऐकतं. भीतीची इतकी सुंदर तयारी घेऊन आलेला प्रेक्षक समोर बसलाय आणि आपण त्याला ऐकायला एक क्षण शांतता देत नाही. धडामला दचकतो तो मणका. पाच सेकंदांत संपतं. दिवा मालवल्यावर सोबत येते ती न सापडलेली जागा.

दुसरी तक्रार मनातली आहे. मराठी भूत म्हटलं की कोकण. पाऊस, माड, विहीर, रातकिडे. तिथली कामं चांगली झालीत, 'तुंबाड' (२०१८) मधला पाऊस तर मला अजून ऐकू येतो. पण आमच्या मराठवाड्याची रात्र कुणी ऐकली का? आमची रात्र कोरडी आहे. माघात ज्वारी वाळायला लागली की वारं नसतानाही पातीला पात घासते आणि अख्ख्या रानात कुणीतरी चालतंय असं वाटतं. लाइट जाते तेव्हा पंखे, फ्रिज, शेजारची पिठाची गिरणी एका क्षणात बंद पडतात, आणि आपण इतका वेळ आवाजातच बसलो होतो हे तेव्हा कळतं. अशी शांतता कुठल्या स्टुडिओत तयार होईल?

माझ्या हातात माइक असता तर मी एकच प्रसंग केला असता. शेतीची लाइट रात्रीची, म्हणून बाप एकटा पाणी द्यायला गेलाय. लाइट आलेली नाही. तो बांधावर बसलाय, बॅटरी विझवून, कारण सेल जपायचे असतात. बराच वेळ काहीच नाही, फक्त पातीची घासघास. मग लांब विहिरीकडे ऑटो स्टार्टर खट् करून पडतो, मोटार आपोआप सुरू होते, पाइपातून हवा खाकरत येते. तो पाण्याची वाट बघतो. मोटार चालू आहे, लाइट आहे, पाणी येत नाही. तो कान देऊन ऐकतो, आणि पात घासल्याचा आवाज थांबलेला असतो.