क्षितिज नसलेली चित्रे

खाणींनी बदललेल्या भूप्रदेशांची आकाशातून टिपलेली छायाचित्रे अमूर्त चित्रांसारखी भासतात, असे निरीक्षण अशा छायाचित्रांवरील एका लेखात वाचले; ते योग्य आहे. मात्र तसे का भासते, याचा उलगडा त्या लेखात व्हायला हवा होता. कॅमेरा सरळ खाली रोखला की क्षितिज नाहीसे होते, आणि चौकटीत एखादा ट्रक किंवा माणूस नसेल, तर समोर दिसते ती वीतभर भेग आहे की मैलभर लांबीची दरी, हे डोळ्याला ठरवता येत नाही.

रंगांचेही तसेच आहे. छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९६ साली कॅनडातील सडबरी येथे टिपलेला केशरी प्रवाह (तो आकाशातून घेतलेला नाही, तरी मुद्दा तोच) लाव्हारसासारखा दिसतो. प्रत्यक्षात ते निकेल वेगळे काढल्यावर उरलेल्या गाळातील गंजलेले लोह आहे.

गोव्यात डिचोली आणि सांगे तालुक्यांतील लोहखाणींवरून ड्रोन उडवल्यास लाल पायऱ्या आणि मधोमध हिरवट-निळे पाणी, अशी मोहक रचना सहज मिळते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तरी खड्डे आणि मातीचे डंप जागच्या जागीच राहिले, आणि पावसाळ्यात त्याच डंपांची माती वाहून खालच्या शेतांत व ओहोळांत उतरते. म्हणूनच अशा प्रत्येक छायाचित्राखाली ठिकाण, उंची आणि खनिजाचे नाव छापावे, असे मला वाटते. ‘शीर्षकहीन क्रमांक ७’ एवढ्यावर भागवणे मला तरी पटत नाही.