खुलासा : उबरचे चालक ‘कायम नोकर’ झालेले नाहीत

‘ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचालकांना कंपनीचे नोकर ठरवलं, आता सगळ्या ॲपवाल्यांना नोकरीचे पूर्ण हक्क’ असा मजकूर फिरतो आहे. निकाल खरा, अर्थ चुकीचा.

१९ फेब्रुवारी २०२१ च्या त्या निकालात चालकांना ‘वर्कर’ हा दर्जा मिळाला. तिथल्या कायद्यात तो नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मधला आहे. त्यामुळे किमान वेतन आणि पगारी सुट्टी मिळते. अन्यायाने काढून टाकल्यास दाद मागण्याचा हक्क मात्र मिळत नाही. (ॲपवर खातं एका झटक्यात बंद होतं, तेव्हा खरी गरज नेमकी त्याचीच!) भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटीही तीच लिहिते, हे न्यायालयाने पाहिलं, कागदावर काय लिहिलंय एवढ्यावर थांबलं नाही. चालकाला परवाना असलेल्या हद्दीत ॲप चालू ठेवून भाडं घ्यायला तयार असण्याचा वेळही कामाचा धरला. माझ्या मते यातला सर्वांत मोठा मुद्दा हाच.

आणि ‘सगळे ॲपवाले’? नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने डिलिव्हरू या घरपोच खाणं पोहोचवणाऱ्या ॲपच्या रायडरांना सामूहिक वाटाघाटीचा, म्हणजे संघटनेमार्फत कंपनीशी बोलणी करण्याचा, हक्क नाकारला. आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवायची त्यांना असलेली मुभा तिथे आड आली: काम स्वतःच करायचं बंधन नसेल, तर ते नोकरीचं नातं ठरत नाही.