पुरतंय का गं?

नाशिकमध्ये पहाटेचे तीन वाजतात तेव्हा मी राहते त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टला आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. माझी ओट्याची आवराआवर संपते आणि तिकडे इंदिरानगरात माझी मावसबहीण अठरा दिवसांच्या लेकीला घेऊन उठून बसलेली असते. सध्या आमचं बोलणं होतं ते याच वेळेला, तेही कुजबुजत, कारण पलीकडच्या खाटेवर मावशी झोपलेली असते आणि तिची झोप सावध आहे.

बहिणीचं सिझर झालं. दूध यायला चौथा दिवस उजाडला. तेवढ्यात घरात दोन तट पडले. मावशीचं म्हणणं, अंगावरचंच पाजायचं, दुसरं काही नाही. सिडकोतून रोज येणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं, पोर रडतंय, वरचं दूध सुरू करा, आमचे तिघंही त्यावरच वाढले, काय बिघडलं? मग वाद नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. ‘आईचं दूध म्हणजे अमृत’ असा कमळाच्या चित्राचा संदेश तीन वेळा आला. आणि एका काकांनी लिहिलं, ‘तिकडे फॉरेनला तर सगळ्या बाटलीच देतात, मुलं बघा कशी धट्टीकट्टी!’ लगेच सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणून हा लेख.

तर काका, तिकडच्या फॉरेनला, म्हणजे निदान जर्मनीत, बाळंतिणीच्या घरी सुईण येते. तिला हेबामे म्हणतात. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते, नंतर बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत लागेल तशी, आणि पैसे आरोग्य विमा देतो. पोटुशी असल्याचं कळलं की बाळाचं नाव ठरवण्याआधी हेबामे शोधा, असं इथे गमतीनं म्हणतात, इतकी त्यांची टंचाई आहे. माझी हेबामे साठीच्या आसपासची, सायकलवर येणारी. ती आली की आधी हात धुवायची, मग बाळाला झोळीसारख्या फडक्यात घालून काट्याला टांगून तोलायची, मग लंगोट किती ओले झाले ते विचारायची. दूध पुरतंय का, हे तिने मला एकदाही विचारलं नाही. ते ती लंगोटांना विचारायची. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले, दोन आठवड्यांत वजन पुन्हा जन्माच्या वेळेइतकं, आणि पिताना गिळण्याचा आवाज, एवढं असलं की ती चहा मागायची.

चहाही कसला, तर बडीशेप, बाळंतशेपेचीच कुणी तरी लांबची बहीण आणि शहाजिरं. दूध वाढवणारा चहा म्हणून तो इथल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतो. पहिला घोट घेतला आणि मला आजीच्या डब्याचा वास आला. त्यानं दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही, तसा तो अळिवाच्या खिरीलाही नाही. पण बाळंतिणीला कुणीतरी गरम काहीतरी करून हातात देतं, याचा उपयोग होतो. पान्हा ज्या ऑक्सिटोसिनमुळे फुटतो ते संप्रेरक ताण, वेदना, लाज यांनी अडतं आणि निवांतपणानं वाहतं. दर तासाला ‘पुरतंय का गं?’ विचारणारी माणसं प्रेमळच असतात, पण त्या प्रश्नानं नेमकं तेच अडतं.

आता आमच्या घरातली एक विसंगती सांगते. खरवस म्हटलं की आमचे लोक जीव टाकतात. गाय व्यायली की चीक आम्हालाच द्या, असं गवळ्याला आधीपासून सांगून ठेवतात. आणि माणसाच्या आईचा चीक? तो ‘पिवळा, घट्ट, बाळाला बाधेल’ म्हणून पिळून टाकायची पद्धत आमच्याच घरात होती. मावशीनंच कबूल केलं. त्याच्या जागी मधाचं बोट. एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही, कारण त्यात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि तान्ह्याचं आतडं त्यांना थोपवू शकत नाही. आणि तो पिवळा चीक म्हणजे बाळाची पहिली लस म्हणावी असा. थोडाच असतो, एका वेळी चमचाभर, पण बाळाचं पोटही पहिल्या दिवशी तेवढंच घेऊ शकतं. त्यात प्रतिपिंडं इतकी असतात की नंतरच्या दुधात ती कधीच एवढी दाट नसतात. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी घ्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यासाठी. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात हे 41.8 टक्के बाळांच्याच वाट्याला आलं होतं.

हेबामेनं मला एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटले आहे. आईचं दूध त्या त्या गावचं असतं. आईच्या आतड्याला किंवा श्वासनलिकेला एखादा जंतू भेटला की तिथल्या काही पेशी त्याची ओळख घेऊन स्तनांपर्यंत येतात आणि त्याच जंतूविरुद्धची आयजीए नावाची प्रतिपिंडं दुधात सोडतात. ती बाळाच्या रक्तात जात नाहीत, आतड्याला आतून लेप दिल्यासारखी बसतात आणि जंतूला चिकटू देत नाहीत. म्हणजे श्टुटगार्टच्या ट्रामचे जंतू असतील तर दूध ट्रामचं, आणि बुधवारी नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदेकाठच्या, बाजारात जाऊन आलात तर दूध गोदाघाटाचं. डब्यावर कितीही जीवनसत्त्वं छापली तरी तुमच्या घरातला खोकला त्या कारखान्याला कसा कळणार?

माझा मुलगा सात महिन्यांचा असताना आम्ही नाशिकला गेलो, तेव्हा मी याच भरवशावर होते. आईनं मिसळ खाऊ दिली नाही. ‘तर्री बाळाच्या पोटात उतरेल.’ तर्री उतरत नाही. लसणाचा वास मात्र दुधात खरंच उतरतो आणि बाळांना त्यानं काही होत नाही. मी चोरून खाल्ली. मुलाला सर्दी झाली, जुलाब झाले नाहीत. ते दुधामुळेच, असं मी म्हणणार नाही, कारण घरात पाणीही उकळलेलंच होतं.

दुधात आणखी एक गंमत असते. त्यात दीडशेहून जास्त प्रकारच्या अशा साखरा आहेत ज्या बाळाला पचतच नाहीत. लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर दुधातला सगळ्यात मोठा घन भाग हाच. मग आईचं शरीर ते बनवतं कशाला? तर बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंसाठी. जेवायला बसण्याआधी गोग्रास काढून ठेवावा, तसं त्यांचं पान आधी वाढलेलं असतं.

सासूबाईंच्या बाजूनंही बोलायला हवं. त्यांचा प्रश्न खोटा नाही. बाळ संध्याकाळी तासन्‌तास रडतं, सारखं लुचतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की दूध नाहीच. पण दूध मागणीप्रमाणे तयार होतं. जितकं पिऊन रिकामं होईल तितकं नव्यानं बनतं, आणि दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. म्हणून रात्रीची बाटली ‘आईला झोप मिळावी’ म्हणून दिली की चार दिवसांनी दूध खरंच कमी होतं आणि बोलणारे म्हणतात, बघा, सांगितलं नव्हतं? तोच प्रकार पाण्याचा. नाशिकचा उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाजा. अहो, दुधात 87 टक्के पाणीच असतं. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळायची हौस मी समजू शकते, मलाही त्या वासानं भरून येतं. पण पहिले सहा महिने पोटात फक्त दूध. अपवाद डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा, आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा, कारण आईच्या दुधात ते एक कमी पडतं.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी ग्रुपवर लिहिली नाही. माझ्या मुलाचं वजन चौथ्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त उतरलं. दवाखान्यात तो नीट पकडत नव्हता, हे कुणी बघितलंच नाही. हेबामेनं घरी बघितलं. म्हणाली, आधी अंगावर, मग पंपानं काढलेलं, आणि पोट भरायला वाटीनं थोडं डब्याचं. मी डबा आणला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आई तेव्हा नाशिकलाच होती. व्हिसा मिळून ती पोचली तेव्हा मुलगा पाच आठवड्यांचा होता. नवरा कामावर. दिवसभर मी, बाळ आणि बाहेरचा नोव्हेंबर. दोन आठवड्यांनी डबा सुटला, मुलगा पुढे सव्वा वर्ष प्याला. पण सुटला नसता तरी मी काही गुन्हा केला नव्हता. जिला जमत नाही, जिची औषधं चालू आहेत, जिचं बाळ काचेच्या पेटीत आहे, तिला ‘अमृत’वाले संदेश टोचतात. अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तर दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासून पाश्चराइज केलेलं दूध असतं. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. हे मला इथे येऊन एका जर्मन परिचारिकेकडून कळलं, तेव्हा जरा ओशाळलेच.

वाद ‘अंगावरचं की वरचं’ असा घातला जातो, पण मला वाटतं तो वेळ कुणी द्यायचा याचा आहे. सहा महिने दिवसातून आठ-दहा वेळा पाजायचं तर ते पूर्ण वेळेचं काम आहे. जर्मनीत प्रसूतीनंतर आठ आठवडे आईला कामावर बोलावताच येत नाही, पुढे बाळ वर्षाचं होईपर्यंत हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण दोन तृतीयांश भत्ता मिळतो, त्यालाही वरची मर्यादा आहे. त्याआधी कामावर परतली तर बाळ वर्षाचं होईपर्यंत रोज किमान एक तास पाजण्यासाठी, पगार न कापता. आपल्याकडेही काही कमी नाही, निदान कागदावर. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानंच बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्याची सुट्टी दिली होती. 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळांसाठीची रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली. 1992 च्या कायद्यानं बाळाच्या डब्याच्या जाहिरातींवर बंदी घातली. यातलं बरंच काही जर्मन मैत्रिणींना सांगितलं तर त्या चकित होतात.

पण मार्चमध्ये इथल्या दुकानात आमच्याकडची द्राक्षं येतात, आणि खोक्यावर ‘भारत’ वाचलं की मला दिंडोरी-निफाडच्या बागा दिसतात. खुडणीला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया, आणि मांडवाच्या तारेला बांधलेल्या साडीच्या झोळीत तान्हं पोर. ते उठलं की ती कात्री ठेवते, पाजते, पुन्हा कात्री उचलते. तिला 26 आठवड्यांचा कायदा लागू नाही. तिच्या गावच्या अंगणवाडीत अमृत आहार या आदिवासी भागातल्या गरोदर आणि पाजणाऱ्या आयांसाठीच्या सरकारी योजनेचं एक वेळचं गरम जेवण असतं. पण हंगामात ती गावात नसते. रजेचा प्रश्न निघाला की आपण ऑफिसातल्या ताईंबद्दल बोलतो. खुडणीवालीबद्दल बोललेलं मी ग्रुपवर तरी वाचलं नाही, आणि तिचं द्राक्ष मी इथे चार युरोला घेते.

शाळेत आपण सगळ्यांनी हिरकणी ऐकली आहे. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती रायगडाचा कडा उतरली. तिच्या नावानं एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. जर्मन रेल्वे स्थानकात मी एकदा प्रसाधनगृहात कमोडच्या झाकणावर बसून पाजलं आहे. पण आई झाल्यापासून त्या गोष्टीत मला कडा दिसत नाही. तिच्या भरून आलेल्या, ठणकणाऱ्या छातीचंच मनात येतं. सहा-सात तास पाजलं नाही की काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ती कड्यावरून का उतरली हे वेगळं सांगावं लागत नाही.

बहिणीला मी एवढंच सांगितलं की लंगोट मोज, आणि तापाचं, पिवळेपणाचं किंवा सुस्तीचं काही वाटलं तर ग्रुपला नको, डॉक्टरांना विचार. सासूबाईंना दुपारी दोन तास बाळाला खेळवायला दे, म्हणजे त्यांनाही काम आणि तुला झोप. मावशीला म्हणावं, खीर कर, प्रश्न नको.

काल पहाटे तिनं काही लिहिलं नाही, फक्त बारा सेकंदांचं ध्वनिमुद्रण पाठवलं. मी कानाला लावलं. पंख्याची घरघर, आणि तिच्या आत गटक, थोडं थांबून पुन्हा गटक. तिची लेक गिळत होती. मी पुन्हा ऐकलं, तेव्हा शेवटच्या दोन सेकंदांत मागून मावशीचा झोपेतला आवाज आला, ‘पुरतंय का गं?’