रूळ उखडण्याआधी छायाचित्रे तरी हवीत

मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेर–श्योपूर नॅरोगेज रेल्वेवरून घरच्या मंडळींत जो वाद गेली काही वर्षे चालू आहे, त्यात जुन्या छोट्या रेल्वे जपणाऱ्या ब्रिटनचा दाखला हटकून येतो, आणि मी वेल्समध्ये राहतो म्हणून तो माझ्याच तोंडून यावा अशी अपेक्षाही असते. एका पक्षाचे म्हणणे असे की, दोन फुटी रुळांवरून सुमारे २०० किलोमीटर धावणारी ती गाडी शिंदे संस्थानाचा वारसा होती आणि ती जशीच्या तशी चालू ठेवायला हवी होती; दुसऱ्या पक्षाला मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, हवी आहे, आणि २०२० साली बंद पडलेल्या गाडीसाठी हळहळणाऱ्यांपैकी कितीजण तिच्यातून श्योपूरपर्यंत गेले होते, असा त्यांचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे. जागा नाही म्हणून टपावर बसून, दहा-अकरा तास उन्हातान्हात जाणाऱ्या माणसाला वारशाचे कौतुक सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. मोठ्या लाइनची गाडी आता जौरा-कैलारसपर्यंत धावू लागली आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

ब्रिटनचा दाखलाही अर्धाच दिला जातो. शिंदे संस्थानाची रेल्वे ज्या १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली, त्याच साली वेल्समधली टॅलिथलिन ही छोटी रेल्वे हौशी स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि ती आजही चालते, हे खरे. परंतु तिला पोसणारी पाटीच्या दगडाची खाण आधीच बंद पडली होती, आणि मोजक्या मैलांच्या त्या मार्गावर कुठल्या जिल्ह्याची सारी भिस्त नव्हती. उलट, ब्रिटिश रेल्वेत कपात सुचवणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली, आणि त्यानंतर ज्या गावांची रेल्वे गेली त्यांतल्या कित्येकांना ती पुन्हा मिळालीच नाही. श्योपूरला जुन्या रुळांच्या बदल्यात नवे रूळ मिळत आहेत. या बाबतीत ते नशीबवान आहे.

मग ब्रिटनकडून घेण्यासारखे काय आहे? माझ्या मते, छायाचित्रे काढून ठेवण्याची शिस्त. इंग्लंडमधला सॉमरसेट–डॉर्सेट रेल्वेमार्ग १९६६ साली बंद झाला, पण त्याआधी छायाचित्रकार आयव्हो पीटर्स यांनी वर्षानुवर्षे त्याची छायाचित्रे घेतली होती, म्हणून तो मार्ग न पाहिलेल्या पिढीलाही त्याची घाटवळणे ओळखीची आहेत. आपल्याकडे काय टिपले गेले? ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी प्रत्येक पाहुण्याच्या कॅमेऱ्यात आहे. याच नॅरोगेजवरच्या सुमावली स्थानकाचे, तिथे उतरणाऱ्या माणसांचे नीट छायाचित्र शोधू गेले तर मात्र दमछाक होते.

आणि केवळ इंजिनांची चित्रे पुरेशी नाहीत, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. माझ्याकडे याच मार्गावरच्या सबलगडच्या तिकीटखिडकीचे एक छायाचित्र आहे: खिडकीची लाकडी फळी पैसे सरकवून सरकवून मधोमध खोलगट झालेली, आणि जाळीमागे कोपरापर्यंत बाही दुमडलेला कारकुनाचा एक हात. त्या फळीवरून गावाचा आणि गाडीचा जितका संबंध कळतो, तितका वाफेच्या इंजिनाच्या देखण्या चित्रावरून कळत नाही. स्थानकासमोरची चहाची टपरी, धान्याचे आडते, गाडीच्या वेळेवर उघडणारी दुकाने, कैलारसचा बंद पडलेला साखर कारखाना, घोसीपुऱ्याजवळ रुळांना खेटून वाढलेली घरे, हे सारे त्या रेल्वेभोवती जगलेले जग आहे. नवे रूळ पडले की त्यातले बरेचसे पुसले जाणार किंवा जागा बदलणार.

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या कित्येक मराठी घरांतले आजोबा-पणजोबा संस्थानाच्या चाकरीत होते. त्यांच्या ट्रंकांतल्या अल्बमात रेल्वेची चित्रे असतील तर ती स्कॅन करावीत, मागे ठिकाण, साल आणि माणसांची नावे लिहावीत. हे सारे सांगू शकणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. नवी छायाचित्रे काढणाऱ्यांनी रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये, रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. मात्र रेल्वेनेही अशी परवानगी सहज द्यावी. सुरुवात सबलगड ते श्योपूर या टप्प्यापासून व्हावी, कारण कामाचा रोख आता तिकडेच आहे.