सुई टोचली तर ‘हायपोत बोट बुडवा आणि गप्प बसा’? या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री साडेअकराला भावजयीचा मेसेज आला. वर एक लांबलचक फॉरवर्ड, खाली तिचा प्रश्न: ‘ताई, हे बरोबर आहे ना?’

ती मध्य मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात हाऊसकीपिंगला आहे, कंत्राटावर. मी दुसऱ्या एका रुग्णालयात कर्मचाऱ्यांचं आरोग्य आणि सुरक्षा बघते. घरच्यांना अजून वाटतं की मी आग विझवायचे सिलिंडर मोजते. तेही मोजते म्हणा. पण माझा बराचसा दिवस सुया, कचऱ्याच्या पिशव्या आणि लशींच्या याद्या यांच्यात जातो. त्यामुळे हे फॉरवर्ड वाचून डोक्यात तिडीक गेली. ते असं होतं:

‘सर्व हॉस्पिटल कर्मचाऱ्यांसाठी महत्त्वाचे! एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला. (१) सुई टोचली तर लगेच बोट पिळून रक्त काढा, चोखून थुंका, पाच मिनिटे हायपोत बुडवा. विषाणू मरतो. (२) सुई नेहमी टोपण घालूनच टाका. (३) पेशंट एचआयव्ही निगेटिव्ह असेल तर काहीच करू नका. (४) सुईवरचे रक्त वाळले असेल तर धोका शून्य. (५) एचआयव्हीच्या गोळ्या घेऊ नका, किडनी जाते. (६) डबल ग्लोव्ह घाला, प्रश्नच मिटला. (७) रिपोर्ट करू नका, कामावरून काढतात. कंत्राटी माणसाला कायद्यात काही नाही. जास्तीत जास्त शेअर करा.’

‘मोठ्या डॉक्टरांचं’ नाव अर्थातच नाही.

बोट पिळा, चोखा, हायपोत बुडवा

रुग्णालयाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं पाणी. फरशीवर रक्त सांडलं की त्यावर ओततात ते. फरशीवर. ज्या पाण्यानं मोज़ेकचा रंग उडतो त्यात ताजी जखम पाच मिनिटं धरा, असं कुणीतरी बसल्याजागी लिहितं आणि हजारो लोक ते पुढे पाठवतात.

इथे वाद घालायचीही गरज नाही, कारण हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं आहे. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुई टोचल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही याची सरळ यादी आहे. काय करायचं नाही: घाबरू नका. टोचलेलं बोट तोंडात घालू नका. जखम पिळून रक्त काढू नका. ब्लीच, क्लोरीन, अल्कोहोल, बीटाडीन, आयोडीन, काहीही लावू नका. जखम घासू नका. फॉरवर्डचा पहिला मुद्दा या यादीशी ताडून बघा. जणू कुणीतरी ‘करू नका’चा रकाना ‘करा’ म्हणून टाइप केलाय.

कारणं साधी आहेत. पिळल्यानं विषाणू बाहेर येतो याचा पुरावा नाही. आजूबाजूचं मांस मात्र चेचलं जातं. ब्लीचनं कातडी भाजते, आणि भाजलेली कातडी आतल्या जंतूला अडवत नाही. चोखणं तर कळसच. परक्याचं रक्त लागलेलं बोट तोंडात घालायचं, म्हणजे शरीरात शिरायला त्याला आणखी एक दार उघडून द्यायचं. त्याऐवजी ग्लोव्ह काढा, नळ सोडा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवा. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्यानं किंवा सलाइननं भरपूर धुवा. बस. सगळ्यात स्वस्त उपचार आहे, म्हणूनच बहुधा कुणाला तो उपचार वाटत नाही.

एवढं टाइप करून तिला पाठवलं आणि मग सुचलं, ही साडेअकराला हे का विचारतेय? फोन लावला.

‘अगं, कुणाला टोचली?’

जरा वेळ काहीच नाही. मग, ‘मलाच. एकोणीस दिवस झाले.’

काळी पिशवी उचलताना. काळी, म्हणजे साध्या कचऱ्याची, जिच्यात सुई असायलाच नको. तिनं बोट पिळलं, हायपोत बुडवलं, कातडी सोलपटली. घरी सांगितलं की भांड्याच्या साबणानं झालंय. माझ्या भावालाही हेच सांगितलं. फॉरवर्ड तिच्याकडे तेव्हाच आलेलं होतं, हाऊसकीपिंगच्या ग्रुपवर. मला ते आता पाठवलं, कारण आता झोप येईना.

पेशंट निगेटिव्ह, रक्त वाळलेलं

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकते. पेशंटचा एचआयव्ही अहवाल खरोखर निगेटिव्ह असेल, तर बहुतेक वेळा एचआयव्हीच्या गोळ्या (टोचल्यावर संसर्ग रोखायला देतात त्या) लागत नाहीत. पण पिशवीतल्या सुईचा पेशंट कोण? अख्ख्या वॉर्डच्या कचऱ्यातून आलेल्या सुईवर नाव लिहिलेलं नसतं. आणि रक्तातून येणारा एचआयव्ही हा एकटाच नाही. आम्ही नव्या मुलांना ३०, ३ आणि ०.३ असे तीन आकडे पाठ करायला लावतो. बाधित रक्ताची सुई टोचली तर हेपॅटायटिस बीचा (विषाणूमुळे होणारी यकृताची सूज) धोका लस न घेतलेल्या माणसाला ३० टक्क्यांपर्यंत, हेपॅटायटिस सीचा ढोबळपणे ३ (अलीकडचे अंदाज याहून बरेच कमी आहेत) आणि एचआयव्हीचा ०.३ टक्के. लोक शेवटच्या आकड्यानं रात्र-रात्र जागतात आणि पहिल्याची लसही घेत नाहीत.

वाळलेल्या रक्ताचं म्हणाल तर एचआयव्ही बाहेर लवकर कमकुवत होतो, हे ठीक. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. धोका शून्य म्हणे.

टोपण आणि ग्लोव्ह

टोपणाचा सल्ला देणाऱ्याचा हेतू मला कळतो: खाली पिशवी उचलणाऱ्या मावशीला टोचू नये. पण टोपण घालतानाच दुसऱ्या हाताच्या बोटात सुई घुसते, आणि एवढं करून घातलेलं टोपण पिशवीत निघतंच. सुई वापरली की तिथल्या तिथे नीडल कटरमध्ये किंवा सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. डबा पाऊण भरला की बदला. तो खाटेपासून वीस पावलं लांब ठेवलात तर कुणीही वीस पावलं चालणार नाही, सुई ट्रेमध्येच राहील. माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे हे डबे जवळ सरकवत फिरणं.

डबल ग्लोव्हनं सुईवरचं थोडं रक्त पुसलं जातं, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग आहे. सुई मात्र दोन्हींतून आरपार जाते. पुढे.

गोळ्यांनी किडनी जाते

यातही खऱ्याचा एक कण आहे. या गोळ्यांमधलं टेनोफोव्हिर किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून डॉक्टर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) तपासतात आणि आधीच किडनीचा आजार असेल तर औषध बदलतात. पण हा कोर्स २८ दिवसांचा, रोज एक गोळी: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र. ही गोळी पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झिडोव्हुडिन या एकट्या जुन्या औषधानंही सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधला एचआयव्हीचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला होता. आजची औषधं त्याहून सोसायला कितीतरी सोपी आहेत. प्रत्येक टोचणीला ती लागतातच असं नाही. ते कॅज्युअल्टीतला डॉक्टर ठरवेल, व्हॉट्सअ‍ॅप नाही.

ते दोन तास महत्त्वाचे. ‘घरी जाऊन बघते’ म्हणणारी बाई परळहून बदलापूर लोकल पकडते, तेव्हा ते दोन तास घरी पोचेपर्यंतच संपतात.

रिपोर्ट करू नका

खरा घात या शेवटच्या ओळीत आहे. हायपोनं बोट सोलतं, या ओळीनं माणूस.

आधी कबूल करते: भीती खोटी नाही. कंत्राटदाराचा सुपरवायझर ‘उद्यापासून येऊ नको’ एका फोनवर सांगू शकतो, आणि सांगतो. त्याहून नेहमीचं म्हणजे ‘बघून काम करता येत नाही का?’ सुई काळ्या पिशवीत टाकली कुणी, हे कुणी विचारत नाही. वड्याचं तेल वांग्यावर. टोचते पिशवी उचलणारीला, चूक असते पिशवी भरणाऱ्याची.

मी या कामात नवी असताना आमच्या रजिस्टरमध्ये अख्ख्या तिमाहीत दोन सुया होत्या. बैठकीत मी तो आकडा अभिमानानं सांगितला. मागे बसलेल्या एक जुन्या सिस्टर इन्चार्ज नंतर जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, दोनच टोचल्या नाहीत. दोघींनीच सांगितलं.’ तेव्हापासून रिकामं रजिस्टर दिसलं की मला धडकी भरते. आम्ही फॉर्मवरचा ‘निष्काळजीपणाचे कारण’ हा रकाना काढला, तेव्हा नोंदी वाढल्या. वरून फोन आला, सुया जास्त टोचायला लागल्या का? सुया तेवढ्याच टोचत होत्या.

आता ‘कायद्यात काही नाही’ याकडे येऊ. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेनं तिथे काम करणाऱ्या, संसर्गाचा धोका असलेल्या सर्व व्यक्तींना बचावाची साधनं, ती वापरायचं प्रशिक्षण आणि संसर्गानंतरचं प्रतिबंधक औषध द्यायचं आहे. काम करणाऱ्या सर्व व्यक्ती. पगार कुणाच्या खात्यातून येतो, हे त्यात विचारलेलं नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियमही ‘आरोग्य कर्मचारी आणि इतर’ म्हणतात: कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, तसंच प्रशिक्षण. त्या ‘इतर’ शब्दात माझी भावजय बसते. तिला लस दिली का, असं विचारलं. कंत्राटदारानं सांगितलं होतं, ‘सहा महिने टिकलीस तर देऊ.’

आणि न सांगण्याचा एक तोटा फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आला नसेल. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत (नोव्हेंबर २०२५ पर्यंत हे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात होतं), संसर्गाचा विशेष धोका असलेल्या आरोग्यसेवेच्या कामात जडलेले संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजार म्हणून धरले आहेत. पण उद्या अहवाल पॉझिटिव्ह आला, तर तो इथूनच आला हे दाखवायचं कसं? टोचलं त्या दिवशीचा निगेटिव्ह अहवाल आणि रजिस्टरमधली नोंद, याच दोन कागदांवर. गप्प बसलात तर दोन्ही नाहीत. कंत्राटदाराला तेच हवं असतं.

काल तिला घेऊन गेले. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, हेही तिला माहीत नव्हतं. हेपॅटायटिस बी आणि सीची रक्तं दिली, बीच्या लशीचा पहिला डोस घेतला. दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. एचआयव्हीची तपासणी पुन्हा सहा आठवड्यांनी, मग तीन आणि सहा महिन्यांनी. गोळ्यांची वेळ केव्हाच गेली होती. तसा धोका कमी आहे, हे मी तिला चार वेळा सांगितलं. भावाला सगळं तिनंच सांगितलं, मी बाहेर उभी होते.

आज सकाळी तिनं विचारलं, ‘ताई, ग्रुपवर काय टाकू?’ मी चार ओळी दिल्या. साबण आणि वाहतं पाणी, दुसरं काही नाही. दोन तासांच्या आत कॅज्युअल्टी. नोंद केल्याशिवाय घरी जायचं नाही, नोंदीचा फोटो काढून ठेवायचा. कुणी ऐकत नसेल तर १०९७, नॅकोची मोफत हेल्पलाइन.

तिनं टाकलं. वीस मिनिटांत दोघींचे फोन आले, ग्रुपवर नाही, थेट तिला. एकीला दिवाळीच्या आसपास टोचली होती. दुसरीला काल रात्रपाळीत. तिला होती तशी रिक्षात बसवून कॅज्युअल्टीला पाठवलं. ७२ तासांतले तेरा गेले होते.